वरटोल्याचा पुकारा

प्रश्न एकच होता : पारबताबाईंना त्यांच्या गावाने अजून आपल्यात धरले आहे, की गेलेल्यांत? फोनवर याचे खरे उत्तर मिळणार नव्हते, म्हणून थंडी सरता सरता मी वरटोल्याला जाऊन आले. तिथे जे पाहिले आणि ऐकले ते क्रमाने लिहिते. ज्यांनी हे गाव पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती देणे आवश्यक आहे.

विदर्भात बेट कुठून आले, असे पुष्कळ जण विचारतात. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग, आणि ते पाणी समुद्राचेच असावे असे व्याख्येत कुठेही म्हटलेले नाही. पारशिवनीच्या पुढे धरणाचे पाणी चढले, तेव्हा सखलातले मूळ गाव बुडाले. लोकांना काठावर नव्या वसाहतीत जागा मिळाल्या. टेकडीवरचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, तेवढा कोरडा राहिला, आणि तिथली काही घरे उठायला तयार झाली नाहीत. तोच वरटोला. पावसाळ्यानंतर हे बेट लहान होते. पुढे पाणी मागे सरकू लागले की उघड्या पडलेल्या गाळावर लोक पेरणी करतात. तिला गाळपेर म्हणतात.

बेसा

पारबताबाई नागपूरच्या बेसा भागात आमच्याच मजल्यावर, समोरच्या सदनिकेत राहत. पती पूर्वीच वारले होते. दम्याचा त्रास वाढला म्हणून मुलगा सुधाकर याने त्यांना दोन महिन्यांसाठी नागपूरला आणले, आणि ते दोन महिने पुढे कधी संपलेच नाहीत.

रोज दिवेलागणीला त्यांचा फोन वाजे. तो घेऊन त्या बाल्कनीत बसत, कानाला न लावता मांडीवर ठेवत आणि डोळे मिटून घेत. फोनमधून भोंग्याचा खरखरीत आवाज येई : "ऐका हो. शालिकची काळी बकरी कालपासून घरी नाही. कोनाच्या गोठ्यात बसली असन तं हाकलून द्या. उद्या अंगणवाडीत पोरायचं वजन हाय. नाव सकाळी जाईन, दुपारची खेप नाही." गावची एक सूनबाई फोन भोंग्यासमोर धरते आणि पारबताबाई इकडे ऐकतात, एवढे मला पहिल्याच आठवड्यात कळले. बाकीचे त्यांनी हळूहळू सांगितले.

वरटोल्यात या बातमीपत्राला पुकारा म्हणतात. पूर्वी तो डफ वाजवून होई, आता भोंगा आहे. जन्म, लग्न, हरवलेली बकरी, नावेच्या वेळा, सारे त्यात येते. मरणही येते. मरणाचा पुकारा झाला की प्रत्येक घराने न सांगता एक लाकूड त्या अंगणात नेऊन ठेवायचे, आणि सरण पेटेपर्यंत नाव सोडायची नाही. सरणाची जागा ठरलेली नाही, कारण पाणीच ठरलेले नसते. ते जिथवर असेल, त्याच्या काठाशी.

आणखी एक पुकारा असतो. एखादे घर कायमचे निघाले, की "अमक्याचं घर काठावर गेलं" असे एकदाच सांगतात. त्यानंतर त्या घराचे बरेवाईट बेटावरून कधीही पुकारले जात नाही. जो लाकूड द्यायला हजर नाही, त्याला लाकूड मिळायचे नाही, असा त्यामागचा हिशेब आहे.

"मास्तरीनबाई, तुमाले आता शाळा नाही ना?" एका संध्याकाळी पारबताबाईंनी विचारले.

"नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली."

"मंग एकदा माझ्या गावाले जाऊन या वं. माझं घर पुकारलं का नाही, एवढं पाहून या."

"डोमाजींना फोनवर विचारा ना," मी म्हणाले. डोमाजी म्हणजे पुकारा करणारे गृहस्थ, त्यांचे चुलत दीर.

"फोनवर थो खोटं बोलन. तोंडापुढं त्याले जमत नाही, कान लाल होते त्याचे. लग्न होऊन आली तवापासून पाहून राहिली मी."

"आणि पुकारलं असेल तर?"

त्यांनी बराच वेळ फोनची काच पदराने पुसली. "साऱ्यायच्या सरनावर माझ्या घरचं लाकूड गेलं. सासूच्या, जावंच्या, शालिकचं पोरगं बुडून मेलं त्याच्या. एक एक तं मले भेटावं का नाही?"

आमचे पूर्वज भोसल्यांच्या काळात नागपुरात आले आणि पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांतून लिहीत बसले. परत जाण्यासारखे गाव आम्हाला उरलेलेच नाही. सोसायटीत कोणी गेले तर मोबाइलच्या ग्रुपवर निरोप येतो, त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रे येतात, आणि त्याखाली पाण्याचा टँकर किती वाजता येणार याची चौकशी. मी तिथे कधी लाकूड दिलेले नाही, आणि कोणी मागितलेलेही नाही.

पारबताबाईंनी कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "घर उघडून पाहा. उंदरं लागले असतीन."

पाणी ओलांडताना

पारशिवनीपर्यंतच्या बसप्रवासात लिहिण्यासारखे काही घडले नाही. तिथून एका काळ्या-पिवळ्या जीपने मला पाण्याच्या काठावर सोडले. पाणी राखी रंगाचे आणि अगदी स्तब्ध होते. मधूनमधून बुडालेल्या झाडांचे वाळलेले शेंडे वर आलेले दिसत, आणि प्रत्येक शेंड्यावर एक पाणकावळा पंख पसरून बसलेला होता. समोर टेकडी, तिच्यावर थोडी कौले आणि एक मोठा पिंपळ.

नावाडी नामदेव. वय पन्नाशीचे, बोलणे सरळ.

"पोहता येते का, बाई?"

"नाही."

"मंग हालू नका. मांगं एक साहेब फोटो काढासाठी उभे राह्यले. साहेब निंगाले, मोबाइल अजून तळातच हाय." थोडे अंतर गेल्यावर त्याने वल्हे थांबवले. "हे आमचं खालचं गाव. तुमच्या बुडाखाली मारुतीचं देऊळ हाय."

मी वाकून पाहिले. पाण्याशिवाय काहीच दिसले नाही. नामदेवनेही पाहिले. तो रोज पाहत असावा.

उतरताना माझी फजिती झाली. धक्क्याजवळ पाणी मागे सरकून मऊ गाळ उघडा पडला होता. गाळपेरीसाठी उत्तम असलेली ही माती चालण्यासाठी उत्तम नसते, हे मी पुस्तकातून शिकवले होते, पण पाऊल टाकताना आठवले नाही. उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो चपलेवाचून. नामदेवने हात घालून शोधले, मीही शोधले. चप्पल नव्हती.

"राहू द्या," तो म्हणाला. "आज पुकाऱ्यात टाकू."

मला ती थट्टा वाटली.

वरटोला, पहिली संध्याकाळ

डोमाजींच्या घरी माझी उतरण्याची सोय झाली होती. फोन धरणारी ती सूनबाई म्हणजे त्यांचीच सून, वंदना. तिने पाय धुवायला गरम पाणी दिले आणि आपल्या चपला माझ्यापुढे ठेवल्या. ती स्वतः अनवाणी फिरू लागली, आणि मी नको म्हटले तर म्हणाली, "आमाले सवय हाय, मॅडम. तुमचे पाय टाइलवरचे हायेत."

डोमाजी सत्तरीच्या पुढचे, उंच, किंचित वाकलेले. हवेत फारशी थंडी उरली नव्हती, तरी त्यांनी डोक्याभोवती दुपट्टा घट्ट गुंडाळला होता. कान पूर्ण झाकलेले. मी कोणाकडून आले आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी पारबताबाईंच्या दम्याची चौकशी केली, औषधांची केली, सुधाकरच्या मुलीच्या शाळेची केली. मी "पारबताबाईंचा एक प्रश्न आहे" असे म्हणताच ते उठले. "पुकाऱ्याची येळ झाली."

पिंपळाच्या पारावर भोंग्याची पेटी, तिला जोडलेली बॅटरी आणि एक लाकडी खुर्ची, एवढाच सरंजाम. वंदना फोन लावून भोंग्यासमोर उभी राहिली. म्हणजे या क्षणी बेसाच्या बाल्कनीत पारबताबाई डोळे मिटून बसल्या असतील, हे माझ्या लक्षात आले. आसपासच्या अंगणांत लोक हातातली कामे घेऊन बसले होते. कोणी जाळे सांधत होते, कोणी लसूण सोलत होते. बरीच अंगणे रिकामी होती. काही घरांची कौले उतरवून नेलेली होती आणि उघड्या भिंतींमध्ये एरंड वाढला होता.

"ऐका हो," डोमाजी म्हणाले. भोंग्यात त्यांचा आवाज तरुण वाटला. "पाणी आज आनखी मांगं गेलं. ज्याची गाळपेर देवळाच्या अंगाले हाय, त्यानं कुंपन सरकवून घ्यावं. शालिकच्या घरी पावने हायेत, आवाज कमी करा म्हनते. थेच सांगाले मी भोंगा लावला हाय." अंगणांतून हसू आले. "नागपूरच्या मास्तरीनबाई आल्या हायेत, पारबतावैनीच्या शेजारच्या. त्यायची उजवी चप्पल धक्क्याच्या गाळात गेली. तपकिरी हाय. ज्याले भेटन त्यानं धुवून आनून द्यावी. न धुता आनू नये."

पुन्हा हसू. मीही हसले. मग मनात आले की माझी चप्पल या बेटावरून पुकारली गेली, आणि माझे हसणे थांबले.

जेवायला लाखोळीच्या पाल्याची भाजी, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि माझ्यासाठी मुद्दाम केलेला भात होता. वंदनाने झिंग्यांचे कालवण वेगळ्या भांड्यात झाकून ठेवले होते. मी खाते असे सांगितल्यावर तिने ते आनंदाने वाढले. आमच्याकडे लाखोळीचा पाला कोणी आणत नाही. तो हरभऱ्याच्या पाल्याहून कोवळा आणि किंचित तुरट असतो. तव्यावर लसणाची फोडणी, वरून थोडे डाळीचे पीठ, बस. दुपट्टा डोमाजींनी जेवतानाही सोडला नाही.

दुसरा दिवस

सकाळी दाराशी माझी चप्पल ठेवलेली होती, धुतलेली, आणि वाळावी म्हणून भिंतीला टेकवलेली. कोणी आणली ते वंदनाला माहीत नव्हते. ते विचारायची तिथे पद्धत नाही.

पारबताबाईंचे घर टेकडीच्या कडेला आहे. मी किल्ली लावली. आत उंदरांनी एक पोते फोडले होते. भिंतीवर नवऱ्याचा फोटो, खुंटीला सूप, कोपऱ्यात रचलेली थोडी लाकडे. कोणाच्या तरी अंगणात न्यायची वेळ येईल म्हणून ठेवलेली ती चांगली, सरळ लाकडे असावीत. चुलीत राख होती. तिचा वरचा थर बसून घट्ट झाला होता.

"ही काढून टाकू का?" मी विचारले.

"हात नका लावू, मॅडम," वंदना घाईने म्हणाली. मग तिने सांगितले. घर निघताना त्या घरच्या बाईने चुलीतली राख सुपात घेऊन स्वतः पाण्यात सोडायची असते. राख सुटली की मग पुकारा. आधी नाही.

मी चुलीकडे पाहिले. "म्हणजे पारबताबाईंचं घर पुकारलेलं नाही."

वंदनाने खुंटीवरचे सूप उतरवले, झटकले आणि पुन्हा तिथेच अडकवले.

"पुकारलं, मॅडम. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. सुधाकरदादाचा फोन आला होता. थ्या दिवशी मी काकूले फोनच नाही लावला. दुसऱ्या दिवशी सांगतलं, रेंज नव्हती."

मी डोमाजींना शोधत गाळपेरीवर गेले. ते बुडालेल्या देवळाच्या बाजूला वाकून लाखोळीचा पाला खुडत होते. मला येताना पाहून ते उभे राहिले, आणि मी काही विचारण्याआधीच त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला.

"हे पाहा," ते म्हणाले. "लाल हायेत. वैनीनं सांगतलंच असन तुमाले."

मी म्हणाले, "डोमाजी, तुमच्याच रीतीप्रमाणे आधी राख सुटायला हवी होती. ती तर अजून चुलीत आहे."

"मले ठाऊक नाही काय? पोरगा फोनवर रडून राहिला होता. म्हने, काका, आई रोज संध्याकाळी गाठोडं बांधते आन मी रोज सकाळी सोडतो. एकदा पुकारून टाका, तिची आस तुटन, इथं जीव लावन. मले वाटलं, बरोबर हाय. थोडी जगन."

"आणि मग पुकारा झाला त्या दिवशी फोन का नाही लावला?"

ते वाकून पुन्हा पाला खुडू लागले.

"तिची आस तुटावी म्हणून पुकारलंत, आणि तिलाच ऐकू दिलं नाहीत. मग आस तुटणार कशी?"

"हो," डोमाजी म्हणाले. "थेच झालं पाहा. पुकारलं साऱ्या गावानं ऐकलं. जिच्यासाठी पुकारलं, तिले ऐकवासाठी कोनाचाच हात पुढं नाही झाला. सुनेचा बी नाही, माझा बी नाही."

"मग तो पुकारा मागे घ्या."

"भोंग्यातून गेलेलं मांगं येते काय, बाई?" ते बांधावर बसले. "मांगं घेतो म्हना. वैनी गेली आन मी तिले पुकारलं. उद्या नामदेव म्हनन, माझा भाऊ कामठीले मेला, त्याले काहून नाही पुकारलं? परवा पुन्याहून फोन. साऱ्यायचेच मानसं गेले, बाई. मंग आमची रोजची संध्याकाळ मरनातच जाईन. आन लाकूड? टेकडीवर झाडं किती राह्यले, पाहून घ्या. उरलेल्या घरायनं कोनाकोनाले द्याचं? मले पुरन का नाही, याचाच भरोसा नाही."

टेकडीवर झाडे खरोखरच विरळ होती. मी शिक्षिका होते, युक्तिवादातली चूक शोधणे हा माझा व्यवसाय होता. त्या युक्तिवादात मला चूक सापडली नाही.

"तुमच्या बेसाले कोनी मेलं तं कोन पुकारते?" त्यांनी विचारले.

"ग्रुपवर निरोप येतो."

"आन लाकूड कोन देते?"

"घाटावर असतं. सांगितलं की मिळतं."

"सांगतलं की भेटते," ते स्वतःशीच म्हणाले, जणू मी एखाद्या दूरच्या देशाची चाल सांगितली होती.

दुपारच्या नावेला ते मला पोचवायला आले. पाल्याची एक जुडी ओल्या फडक्यात बांधून त्यांनी माझ्या हातात दिली. "वैनीले द्या. काय सांगसान तिले?"

"आहे ते."

"बरं," ते म्हणाले. "मी फोनवर बोलीन म्हना. आज नाही. उद्या."

वंदनाने घराची किल्ली मागून घेतली. उंदरांचा बंदोबस्त करते म्हणाली. मी दिली.

परत बेसा

"चप्पल सापडली का वं?" दार उघडताच पारबताबाईंनी विचारले. पुकारा त्यांनी ऐकलाच होता. "डोमाजीची जीभ पाहा. न धुता आनू नये, म्हने."

त्यांनी पाल्याचा वास घेतला आणि जुडी मांडीवर ठेवली. मी त्यांच्यासमोर बसले आणि जे पाहिले ते क्रमाने सांगितले : घर, पोते, लाकडे, तान्हा पोळा, फोन. सुधाकरचा फोनही सांगितला. तो गाळला असता तर उत्तर अपुरे राहिले असते. सुधाकर अजून कामावरून आलेला नव्हता.

त्या पाला निवडू लागल्या. देठ एकीकडे, पाने एकीकडे.

"कान लाल होते?"

"होते. त्यांनी स्वतः दाखवले."

"हं." आणखी काही देठ. "चुलीत राख हाय म्हनता?"

"आहे. घट्ट बसली आहे."

"मंग मी गेली नाही," त्या म्हणाल्या. "मी राख सोडली नाही तवरी पुकारा खोटा. डोमाजीनं सतरांदा भोंगा वाजवला तरी खोटा."

मी टेकडीवरच्या झाडांबद्दल डोमाजी जे म्हणाले तेही सांगितले. लाकडाचा हिशेब त्यांना माझ्याहून चांगला कळत होता.

"सुधाकरले बोलू नका वं," शेवटी त्या म्हणाल्या. "मी गाठोडं बांधताना थो दारात उभा राहून पाहे. मले दिसे त्याचं तोंड. किल्ली कुठं हाय?"

"वंदनाजवळ."

"बरं केलं. घराची किल्ली घराजवळ पाहिजे."

डोमाजींचा फोन दुसऱ्या दिवशी आला नाही, नंतरही आला नाही. दिवेलागणीचा पुकारा मात्र एकही संध्याकाळ चुकला नाही, आणि पारबताबाई तो पूर्वीसारख्याच ऐकत राहिल्या. गाठोडे बांधणे त्यांनी बंद केले. सुधाकरला वाटले, आई रमली. मी त्याला काही सांगितले नाही, कारण तसे मला सांगितले होते.

उन्हे तापू लागली तेव्हा त्यांचा दमा वाढला, आणि एका पहाटे त्या गेल्या. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. त्याखाली टँकरची चौकशी होती, ती कोणीतरी नंतर काढून टाकली. घाटावर लाकूड सांगितले आणि ते मिळाले. आम्ही सात-आठ शेजारी होतो. उभे राहण्याखेरीज आम्हाला करण्यासारखे काही नव्हते.

वरटोल्याला सुधाकरने सकाळीच कळवले होते. संध्याकाळी मी त्याच्याकडे बसले होते, आणि रोजच्या वेळेला पारबताबाईंचा फोन वाजला. सुधाकरने माझ्याकडे पाहिले. "उचलू, मॅडम?"

"उचला. मोठ्यानं लावा."

भोंग्याची खरखर आली. डोमाजी बोलत होते. देवळाचा कळस पाण्याबाहेर आला आहे, मुलांनी तिकडे पोहायला जाऊ नये. नामदेवची नाव आज निघाली नाही. मग ते थांबले. पेटीचा घुमणारा आवाज तेवढा येत राहिला, इतका वेळ की फोन बंद पडला असे मला वाटले.

"पारबतावैनीच्या चुलीत राख बाकी हाय," डोमाजी म्हणाले. "थे आज सोडाची हाय. वंदना सोडन. घराघरातून एक एक लाकूड..."

एवढ्यावर फोन तुटला. सुधाकरने पुन्हा लावला, पुन्हा लावला. लागला नाही. तो फोन हातात घेऊन बाल्कनीत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "मीच सांगितलं होतं, मॅडम, पुकारायला." मला ठाऊक आहे, असे मी त्याला म्हणाले. आईलाही ठाऊक होते का, असे त्याने विचारले. मी हो म्हटले, आणि त्याला बोलू नका असे आईने मला बजावले होते, तेही सांगितले.

दोन दिवसांनी डोमाजींशी फोनवर बोलणे झाले. राख सोडली, म्हणाले. लाकूड साऱ्या घरांतून आले, एकही घर मागे राहिले नाही. पाण्याकाठी ते पेटवले, आणि ते विझेपर्यंत नाव सोडली नाही. मरणाचा पुकारा केला नाही, रीत मोडली नाही, असेही म्हणाले. मी सगळे ऐकून घेतले. पण फोनवर कान दिसत नाहीत.

मी पुन्हा जाऊ शकते. मात्र तिथे मला काय दिसायला हवे, हे मी आधीच मनाशी ठरवून बसले आहे, आणि अशा माणसाचे निरीक्षण ग्राह्य धरू नये असे मी वर्गात शिकवत आले. सुधाकरला अजून जाववत नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे. पारशिवनीच्या बाजूला जाणे झाले, तर पाणी ओलांडून वरटोल्याला जावे. उतरताना गाळ सांभाळावा. टेकडीच्या कडेला पारबताबाईंचे घर आहे, किल्ली वंदनाजवळ आहे, मागितली तर ती देते. आत जाऊन चुलीत राख उरली आहे का पाहावे, आणि कोपऱ्यातली लाकडे आहेत का तेही पाहावे. माझ्या लिहिण्यावर विसंबू नये. कृपया स्वतः पाहून खात्री करून घ्यावी.